साकीनाक्याला जायचंय, घाटकोपरची मेट्रो पकडू का?

सिडकोवाला: सोमवारी साकीनाक्याला काम आहे, नाशिकहून पंचवटी एक्सप्रेसनं निघतोय. भाऊ म्हणतो दादरला उतर, अंधेरीला जा न तिथून रिक्षा. मेट्रो नक्की कुठून कुठं जाते?

गंगापूररोडकर: दादर कशाला बे, ठाण्याला उतर, लोकलनं घाटकोपर, तिथं पुलावरूनच मेट्रोत शिरता येतं. जागृती नगर, असल्फा न तिसरं साकीनाका. पुढं मरोळ नाका, चकाला, अंधेरी करत वर्सोव्यापर्यंत, ११.४ किमी, १२ स्टेशनं, सगळी खांबांवर. फक्त संध्याकाळी घाटकोपरचा जिना टाळ, माझी चप्पल तिथंच राहिली एकदा.

जुना_अपडाऊनवाला: ही मुंबईची पहिली लाईन. भूमिपूजन २००६, काम २००८ ला चालू, गाडी धावली ८ जून २०१४ ला. अरुंद रस्ता, त्यात अंधेरीला चालू रेल्वेवरून पूल टाकायचा म्हणजे खेळ नाही. आता मरोळ नाक्याला भुयारी ३ नंबरची मेट्रोपण मिळते.

सिडकोवाला: भारी, ठाणे फिक्स. आपल्या नाशिकच्या मेट्रो निओचं (रबरी टायरवाली मेट्रो) काय? २०२१ च्या बजेटमधे २०९२ कोटी ऐकलेले.

गंगापूररोडकर: तोवर नाशिकच्या द्वारका चौकात हॉर्न वाजवत बस 😄