वडिलांसाठी बीपी मशीन सुचवा (बजेट २०००) आणि एका टेस्टबद्दल

शाहूपुरीकर: वडील ६८ वर्षांचे. बीपी कायम १६५/७० च्या आसपास, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो कचरा) १.४. डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिन्या कडक झाल्यात, किडनी जपा, घरी बीपी लिहून ठेवा. दोन हजारांत कुठलं घेऊ? दंडाला पट्टा बांधायचा म्हटलं की चिडतात, मनगटाचं चालेल का? लॅबवाला धमन्यांचा कडकपणा मोजायची टेस्टही करा म्हणतोय.

रंकाळा_मॉर्निंग: दोन हजारांत काय येतंय? चार हजारांचं ब्लूटूथवालं घ्या. माझा ग्राफ मुलगा अमेरिकेतून बघतो.

तालमीतला: खालचं ७० म्हंजे तरण्या पोरागत की! कशाला काळजी करायलाईस भावा? आमचा आजा तांबडा रस्सा तांब्यानं प्यायचा.

राजारामपुरी_मेडिकल: तालमीतले, तिथंच तर गोम आहे. वरच्या-खालच्यातला फरक ९५ झाला. साधारण ४० असतो, ६० च्या वर राहिला तर महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, ताठरली असं समजतात. नरम महाधमनी ठोक्यासरशी फुगते आणि दोन ठोक्यांच्या मधे आकसून रक्त पुढं ढकलते, म्हणून खालचा आकडा टिकून राहतो. ताठरली की वरचा चढतो, खालचा उतरतो. आता किडनी. हृदयातून निघालेल्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा तिथं जातो आणि तिथल्या वाहिन्या फारसा अडथळा करत नाहीत, त्यामुळं प्रत्येक ठोक्याचा दणका थेट गाळणीच्या बारीक वाहिन्यांवर. त्या खराब झाल्या की लघवीतून अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रोटीन, जायला लागतं. वर किडनी थकली की अंगात मीठ-पाणी साठून बीपी आणखी चढतं. मशीन दंडाचंच घ्या, पट्ट्याचं माप बघून. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा वाढीव दिसतो.

रंकाळा_मॉर्निंग: माझ्या मशीनला मोठा पट्टा पण येतो.

उसाचा_फड: मशीन राहू दे, मीठ बदला. आमच्यात आधी सैंधव, आता लो सोडियम. एकदम बेस्ट.

राजारामपुरी_मेडिकल: अहो थांबा! लो सोडियम मिठात पोटॅशियम असतं. किडनी कमजोर आणि बीपीची टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर पोटॅशियम चढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सैंधव तर मीठच. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, त्यात लोणचं, पापड, फरसाण आलंच.

तालमीतला: फरसाण बंद म्हंजे मिसळ बंद. ऱ्हायलं काय मग कोल्हापुरात?

मिरजेची_सून: ती टेस्ट सासऱ्यांची केली होती. मानेपासून जांघेपर्यंत नाडीची लाट किती वेगानं पोचते ते बघतात, सेकंदाला १० मीटरच्या वर गेली तर धमन्या कडक. पैसे गेले, गोळ्या त्याच राहिल्या. त्यापेक्षा लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण बघा, ३० च्या आत हवं. स्वस्तात होतं. नुसत्या क्रिएटिनिनवर बसू नका, ते उशिरा वाढतं. आणि वडील गुडघ्यासाठी पेनकिलर खातात का? आमच्याकडं त्यानंच किडनीचा घोळ झाला.

शाहूपुरीकर: खातात. गल्लीतल्या दुकानातून आणतात.

राजारामपुरी_मेडिकल: आमच्याकडं चिठ्ठीशिवाय मिळत नाही, एवढं सांगतो.

तालमीतला: परवाच दिलीस की मला!

उसाचा_फड: दंडाचं घ्या. मनगटाचं नको.

शाहूपुरीकर: सगळ्यांचे आभार. मनगटाचंच घेतलं, १६०० ला. दंडाचं आणलं असतं तर कपाटात पडलं असतं, वडील मला माहीत आहेत. पाच मिनिटं शांत बसवून, हात छातीच्या उंचीला धरून मोजतो. पेनकिलर डॉक्टरांनी बंद केल्या, लघवीची तपासणी लिहून दिली. ती टेस्टपण करणार, शेजारच्या काकांनी केली म्हणून वडील हट्टाला पेटलेत.

राजारामपुरी_मेडिकल: निदान डॉक्टरांच्या मशीनशी एकदा ताडून तरी बघा.

रंकाळा_मॉर्निंग: त्यात ब्लूटूथ आहे का?