प्रति: विरोधक सभागृहात नुसता गोंधळ घालतात?
वर म्हटलंय की विरोधक सभागृहात नुसता गोंधळ घालतात, आर्थिक धोरणावर कोणी मुद्द्याचं बोलतच नाही. हे अजिबात पटलं नाही. २४ नोव्हेंबर २०१६ चं राज्यसभेतलं मनमोहन सिंगांचं नोटाबंदीवरचं भाषण ऐका, जेमतेम सात-आठ मिनिटांचं आहे, समोर पंतप्रधान बसलेले आणि हा माणूस आवाज न चढवता विचारतो की लोकांनी बँकेत स्वतःचे पैसे भरलेत पण काढता येत नाहीत असा एक तरी देश दाखवा. जीडीपी दोन टक्क्यांनी घसरू शकतो असंही म्हणाले, तो आकडा नेमका खरा ठरला की नाही यावर वाद घाला हवा तर, पण शेती, छोटे धंदे आणि असंघटित कामगारांना फटका बसेल हे त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. आमचा ठाण्यात जांभळी नाक्याला भाजीचा गाळा, त्या महिन्यात गिऱ्हाईक दोन हजाराची नोट घेऊन यायचं आणि सुट्टे नाहीत म्हणून पिशवी तशीच ठेवून जायचं, मेथी संध्याकाळपर्यंत पिवळी. बाबा रोज वहीत उधारी लिहायचे, त्यातली बरीचशी आलीच नाही. आणि रद्द नोटांपैकी ९९.३ टक्के परत आल्या हे रिझर्व्ह बँकेनेच २०१८ च्या अहवालात लिहिलंय.