आंबा घाटात गाडी दम टाकते: रिमॅप करू की सरळ ऑटोमॅटिक घेऊ?

हापूस_एक्सप्रेस
लेक कोल्हापूरला शिकते, त्यामुळे महिन्यातून दोन-तीनदा रत्नागिरी-कोल्हापूर होतंच. गाडी २०१८ची, चार मीटरच्या आतली सेडान. १.२ पेट्रोल, पाच गिअरची मॅन्युअल, ८३ पीएस ताकद, ११३ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, नाहीतर धागा तिकडेच वाहत जाईल. ९२ हजार किलोमीटर झालेत. सपाटीला तक्रार नाही. पण मे महिना, पाच माणसं, एसी चालू, डिकीत आंब्याच्या चार पेट्या, आणि साखरपा मागे टाकून घाट सुरू झाला की संपलं. परवा एका वळणावर मागून एसटी हॉर्न मारत होती. एसटी!

एका ट्यूनरने रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलायचा) आणि कोल्ड एअर इनटेक (इंजिनाला बाहेरची गार हवा देणारी नळी) मिळून २८ हजार सांगितलेत, 'पंधरा पीएस कुठे गेले नाहीत' म्हणतो. दुसरा पर्याय, ही विकून ऑटोमॅटिक घ्यायची. बायकोचा डावा गुडघा दुखतो, तिला क्लच नकोच आहे. माझं मन रिमॅपकडे ओढतंय. सांगा काय ते.

दुसरा_गिअर
पंधरा पीएस, तेही बिनटर्बो इंजिनात? त्याला लिहून द्यायला सांगा. टर्बो असेल तर सिलिंडरात जास्त हवा कोंबता येते, तिथे रिमॅपला खरंच वाव असतो. तुमचं इंजिन स्वतःच्या दमावर ओढेल तेवढीच हवा घेणार. ट्यूनर स्पार्क थोडा आधी आणेल, पेट्रोलचं प्रमाण थोडं बदलेल. हाती लागणार पाच-सात टक्के. आणि मे महिन्याच्या उकाड्यात भरलेली गाडी चढवताना स्पार्क फार आधी आला की इंजिन ठोकायला लागतं.

आता फुकटातलं गणित बघा. अशा गाड्यांत ताशी ४०ला तिसऱ्यात इंजिन साधारण १९०० आरपीएमवर असतं, दुसऱ्यात २९००च्या आसपास. म्हणजे एक गिअर खाली टाकला की चाकावर जवळपास दीडपट जोर येतो. पैसे देऊन सात टक्के आणि नुसता डावा हात हलवून पन्नास. खरं सांगा, घाटात तुम्ही तिसरा धरून बसता ना? इंजिन ओरडलं की आपल्याला वाटतं त्याला दुखतंय.

डिझेलवाला_कराड
कागदावर सगळं सोपं असतं हो. मी माझं १.३ डिझेल रिमॅप केलंय. मुळात ७५ पीएस, १९० न्यूटन मीटर. आता कुंभार्ली घाटात तिसऱ्यात अशी खेचते की चिपळूणहून वर येताना ट्रक मागे टाकायला वळणाची वाट बघावी लागत नाही. रिमॅप म्हणजे नुसती कमाल ताकद नव्हे, पेडलला गाडी लगेच उत्तर देते. रोज चालवणाऱ्याला तेच जाणवतं.

चौदा महिन्यांत क्लच प्लेट गेली, हे लपवत नाही. तरी पुन्हा करेन.

दुसरा_गिअर
क्लच गेला हे तुम्हीच सांगितलंत, बरं झालं. कंपनीने तो १९०च्या हिशेबाने बसवला होता. शिवाय तुमच्या इंजिनाला टर्बो आहे, हापूसरावांच्या नाही. पेडलचं म्हणाल तर रिमॅपमध्ये बऱ्याचदा एवढंच करतात, की अर्ध्या पेडलला पाऊण थ्रॉटल उघडतो. घाटात पेडल आधीच जमिनीला टेकलेलं असतं, तिथे काय उघडणार?

कायद्याचंही बघा. गाडीतल्या बदलांबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितलंय. आरटीओ बॉनेट उघडून प्रोग्रॅम वाचत नाही, खरंय. पण विम्याचा सर्व्हेअर अडून बसला तर तिथे आपला आवाज चालत नाही.

वाशिष्ठी_काठ
रिमॅपचं तुम्ही बघा. पण तो इनटेक बसवायच्या आधी कुठे बसणार ते विचारा. गार हवा मिळावी म्हणून त्याचं तोंड बऱ्याचदा खाली, बंपरच्या मागे काढतात. कोकणात! २२ जुलै २०२१ला चिपळूणमध्ये पाणी भरलं तेव्हा माझी गाडी दाराशी बुडाली. पाणी ओसरल्यावर मी चावीला हात लावला नाही, टो करून नेली. प्लग काढून पाणी बाहेर काढलं, तेल बदललं, इंजिन वाचलं. शेजाऱ्याने 'बघू तरी' म्हणून स्टार्टर मारला. हवा दाबली जाते, पाणी नाही. त्याच्या इंजिनाचा कनेक्टिंग रॉड वाकला. आणि त्याला पुराचीही गरज नाही, रस्त्यावरच्या गुडघाभर पाण्यातून खालच्या तोंडाचा इनटेक तेवढंच करून दाखवतो.

डावा_गुडघा
चार प्रतिसाद झाले, वहिनींच्या गुडघ्याबद्दल कोणी एक अक्षर काढलं नाही.

मी दापोलीची, तीन वर्षं एएमटी चालवतेय. तो गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. त्यामुळे क्लच प्लेट असते आणि जळते सुद्धा. आंबेनळी घाटात ट्रकमागे उभी असताना मी ब्रेकऐवजी नुसत्या अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली, पाच मिनिटांत जळका वास. चूक माझी. तेव्हापासून चढावर थांबले की हँडब्रेक. ऑटोवर ठेवलं तर ऐन वळणात वरचा गिअर टाकते, म्हणून घाट लागला की एम मोड, म्हणजे गिअर आपण निवडायचा, आणि दुसरा.

सीव्हीटी जास्त मऊ. ती होंडाच्या अमेझमध्ये मिळते. गिअर नाहीत, दोन पुलींवर स्टीलचा पट्टा. जोर मागितला की इंजिन एकाच सुरात घोंघावतं, काहींना ते सोसत नाही. एएमटीला मॅन्युअलपेक्षा साधारण अर्धा लाख जास्त लागतात, सीव्हीटीला लाखाच्या वर.

कुडाळचो_ड्रायव्हर
पंचवीस वर्सां आंबोली घाटात गाडी चलवतंय. एसी बंद कर, दुसरो टाक, गाडी चढतली. रिमॅपाच्या पैशात चार टायर येतत. आधी एअर फिल्टर काढून बघ मेल्या. आपल्याकडची तांबडी माती, फिल्टर पिठाच्या चाळणीसारखो भरता. आणि ऑटोमॅटिक घेतलंस तर उताराक गाडी कोण धरतलो, तुझो बापूस?

डावा_गुडघा
बापूस नको, एम मोडातला दुसरा गिअर धरतो. इंजिन ब्रेकिंग तिथेही मिळतं, काका.

डिझेलवाला_कराड
पण नवी घेऊन ताकद वाढणार आहे का? तेही बोला. डिझायरला आधी चार सिलिंडर, ९० पीएस होते. नोव्हेंबर २०२४च्या मॉडेलला तीन सिलिंडर आणि साधारण ८२. अमेझ ९०, ऑरा ८३. टॉर्क सगळ्यांचा ११० ते ११४च्या घरात, कारण लहान गाडीचा कर लागू व्हायला पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत हवं. ऑरामध्ये एक लिटर टर्बो होतं, १७२ न्यूटन मीटर, ते बंद केलं. सप्टेंबर २०२५मध्ये जीएसटी १८ टक्क्यांवर आला म्हणून गाड्या स्वस्त झाल्या, घाट नाही.

हापूस_एक्सप्रेस
रविवारी फिल्टर काढला. वर्तमानपत्रावर आपटला तर चमचाभर लाल धूळ आणि आंब्याचं एक वाळकं पान. प्लग कधी बदलले होते ते मलाच आठवेना. दोन्ही बदलले, १९०० रुपये. शनिवारी तेवढीच माणसं, पेट्या मात्र दोनच, एसी चालू ठेवून घाटात मुकाट्याने दुसरा धरला. ३००० आरपीएमला आवाज येतो, पण चढली. एसटी मागे होतीच, हॉर्न मारला नाही. दुसरा_गिअर, होय, मी तिसरा धरून बसायचो.

ट्यूनरला 'नको' म्हणून कळवलं. पण मलकापूरपासून पुढे बायकोने चालवली आणि रात्री गुडघा शेकत बसली, त्याला फिल्टर काय करणार? एएमटी आणि सीव्हीटी, दोन्हींची टेस्ट ड्राइव्ह घ्यायची आहे. शोरूमवाले सपाट रस्त्यावर फिरवून आणतात.

डिझेलवाला_कराड
दोन पेट्या कमी केल्यात आणि श्रेय गिअरला देताय!

डावा_गुडघा
सपाटीवर नका घेऊ. रत्नदुर्गाच्या, भगवतीच्या देवळाकडच्या चढणीवर न्या, चौघं बसून, एसी चालू. मध्येच थांबवा. मागे कोणी नाही बघून ब्रेक सोडा आणि मनात एक-दोन-तीन मोजा. गाडी किती वेळ थांबते, मग कशी निघते ते बघा. आणि स्टिअरिंगवर वहिनींना बसवा.