मदत हवी आहे: चिन निर्वासित बायकांच्या विणकाम गटासाठी

नमस्कार मंडळी, मी दिल्लीत विकासपुरीला राहते. इथे म्यानमारहून आलेली बरीच चिन जमातीची कुटुंबं आहेत, त्यातल्या काही बायकांनी स्वतःच गट काढलाय, कमरेला पट्टा बांधून मागावर काय सुरेख शाली विणतात, बघत बसावं! पण भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, यांच्याकडे फक्त यूएनएचसीआरचं (संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं) कार्ड, आधार नाही, मग बँकेत खातं उघडायला गेलं की परत पाठवतात आणि ऑर्डर आली तरी पैसे घ्यायचे कशात? माझ्या खात्यावर घेणं मला पटत नाही, हिशोब त्यांच्याच हातात हवा. कुणी सीए, वकील, बचत गटवाले आहात का? कायदेशीर मार्ग सांगा ना. आणि दिल्ली-नोएडातल्या मराठी मंडळांच्या दिवाळी स्टॉलमध्ये एखादं टेबल मिळेल का, कोणाशी बोलू?