मदत हवी आहे : केवळ स्वामिभक्त नसलेले प्रसिद्ध घोडे

नमस्कार. प्रसिद्ध घोडे आणि त्यांचे स्वार यांच्यातील नात्यावर मी एक दीर्घ लेख लिहीत असून, एका अडचणीत आपले साहाय्य हवे आहे. ब्युसेफॅलस हा घोडा स्वतःच्याच सावलीला बुजतो हे ओळखून कोवळ्या वयातील अलेक्झांडरने त्याचे तोंड सूर्याकडे वळवले, ही ग्रीक चरित्रकार प्लूटार्कने सांगितलेली हकीकत मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यात घोड्याच्या पराक्रमापेक्षा माणसाचे निरीक्षण अधिक दिसते, पुढे इ.स.पू. ३२६ मधील झेलमच्या लढाईनंतर अलेक्झांडरने या घोड्याच्या नावाने नगरही वसवले. १५७६ मधील हळदीघाटीच्या चेतकाची कथा मात्र मुख्यत्वे नंतरच्या काव्यपरंपरेने घडवली आहे. सिद्धार्थाच्या विरहाने प्राण सोडणारा कंथक आणि ग्रीक महाकाव्य ‘इलियड’मध्ये मारल्या गेलेल्या पॅट्रोक्लससाठी अश्रू ढाळणारे अकिलीसचे घोडे तर आहेतच.

या सर्व कथांत घोडा केवळ निष्ठावंत दिसतो आणि माझा लेख नेमका तेथेच अडला आहे. वॉटर्लूच्या लढाईत दिवसभर ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनला वाहून नेल्यावर, त्याने उतरून कौतुकाने थोपटताच लाथ झाडणारा त्याचा घोडा कोपनहेगन (आणि त्याचे काय चुकले?) मला अधिक खरा वाटतो. ज्यांच्याशी स्वारालाच जुळवून घ्यावे लागले, अशा हट्टी किंवा लहरी घोड्यांचे उल्लेख समकालीन पत्रांत, रोजनिश्यांत अथवा कथा-कादंबऱ्यांत आपल्या वाचनात आले असल्यास कृपया कळवावेत. तसेच घोड्याच्या जिव्हाळ्याविषयी लिहिताना मानवी भावना त्याच्यावर लादल्या जाऊ नयेत यासाठी आपण कोणते पथ्य पाळता, हेही जाणून घ्यायला आवडेल.