छोट्या कॅम्पसवर 21 ते 28 फेब्रुवारी कार्यक्रमांचा आठवडा करायचाय, पण निम्मी पोरं साडेचारच्या एसटीने घरी जातात, कसं करावं?

पांझराकाठ

नमस्कार मंडळी. मी धुळे-नंदुरबार पट्ट्यातल्या एका छोट्या विद्यापीठ कॅम्पसवर सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवतो. चार विभाग, पोरं-पोरी मिळून साडेतीनशेच्या आसपास, त्यातले हॉस्टेलला जेमतेम साठ, बाकी सगळे खेड्यापाड्यातून एसटीने येऊन-जाऊन करणारे. यंदा विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमांचं काम माझ्याकडे आलंय. तारखा मीच सुचवल्या कारण 21 ला जागतिक मातृभाषा दिन, 23 ला गाडगेबाबांची जयंती, 27 ला मराठी भाषा गौरव दिन आणि 28 ला विज्ञान दिन, एवढं सगळं एका आठवड्यात परत कधी येत नाही आणि मार्च लागला की पोरं परीक्षेच्या मागे असतात.

आता खरी अडचण सांगतो. मागच्या वर्षी आमच्याकडे गॅदरिंग झालं ते संध्याकाळी सहाला, मांडव, मोठी लाइट, साउंड सगळं होतं. समोर बसलेले कोण तर हॉस्टेलची पोरं आणि स्टाफच्या घरची माणसं. शिरपूर बाजूच्या एका गावातून येणारी एफवायची मुलगी, तीन आठवडे जेवणाच्या सुट्टीत नाच बसवत होती, तिचा नंबर यादीत संध्याकाळी सात वाजल्यानंतरचा लावला. ती साडेचारला नऊवारी पिशवीत घालून तशीच स्टँडवर गेली, मी गेटवर उभा होतो, मला म्हणाली सर पुढच्या वर्षी बघू. काही तक्रार केली नाही तिने, म्हणून जास्त लागलं मला. यंदा तसं होऊ द्यायचं नाही एवढं मी ठरवलंय.

पैसे आहेत चाळीस हजार, पूर्ण आठवड्याचे. काय ठेवावं, काय टाळावं, ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

जिभाऊ_एनएसएस

सर, तुमचं पोस्ट वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. मी बावीस वर्षं एनएसएसचा, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचा, कार्यक्रम अधिकारी होतो, आता रिटायर. पहिली गोष्ट, सगळं साडेदहा ते साडेतीन. एकही कार्यक्रम साडेतीनच्या पुढे नाही, हे नोटीसवर ठळक लिहा आणि पाळा, पाहुणा उशिरा आला तर पाहुण्याशिवाय सुरू करा. मांडव रद्द करा, फेब्रुवारीत आपल्याकडे लिंबाची सावली पुरते, तिथंच सतरंज्या टाका, पंधरा हजार तिथंच वाचतात.

21 तारखेबद्दल. हा दिवस कुठून आला ते पोरांना आधी सांगा, 1952 साली 21 फेब्रुवारीला ढाक्यात बंगाली भाषेसाठी रस्त्यावर उतरलेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, त्यांच्या आठवणीत युनेस्कोने 1999 ला हा दिवस जाहीर केला. म्हणजे हा विद्यार्थ्यांचाच दिवस आहे. मग तो त्यांच्याच बोलीत झाला पाहिजे. पण एक सांगतो, अहिराणीचा, म्हणजे आपल्या खानदेशी बोलीचा, कार्यक्रम म्हटलं की आपल्याकडे लगेच विनोदी नाटिका बसवतात, गावंढळ म्हातारा, त्याची बायको, टोपी वाकडी आणि सगळे हसतात. पोरांना वाटायला लागतं आपली बोली फक्त हसायची आहे. मी एकदा नियमच केला होता, अहिराणीत बोला पण हसवायचं नाही, खरं काय घडलं ते सांगा. एका पोराने बापाच्या कपाशीला बोंडअळी लागली ते सांगितलं, काय औषध मारलं, किती फवारण्या केल्या, व्यापाऱ्याने काय भाव लावला, सगळं अहिराणीत, दहा मिनिटं. वर्गात पिन पडली असती तर ऐकू आली असती. प्रमाण मराठीत त्याला तेच दोन मिनिटं सांगता आलं नसतं.

आणि आंडोर (मुलगा), आंडेर (मुलगी), बठ्ठा (सगळा), कालदिन (काल) असे अहिराणी शब्द फळ्यावर लिहून ठेवा, दिवसभर येता-जाता पोरं आपल्या घरचा शब्द खाली जोडत जातील. खडू आणि फळा, खर्च शून्य. वहीगायन, म्हणजे आपल्याकडचं पारंपरिक लोकगायन, करणारी मंडळी जवळच्या गावात असतील तर दुपारी बारा वाजता बोलवा, पण मानधन द्या, नुसता नारळ-टॉवेल देऊन पाठवू नका, त्या दिवशीची त्यांची मजुरी बुडते.

केळीपट्ट्यातली

मी यावल-रावेर बाजूची, आमच्याकडे लेवा बोली, ळ चा य होतो, डोळ्याला डोया म्हणतात. शाळेत बाईंनी एकदा वाचताना थांबवून सगळ्यांसमोर दुरुस्त केलं होतं तेव्हापासून कॉलेज संपेपर्यंत मी वर्गात तोंड उघडलं नाही, हे खोटं वाटेल पण खरंय. म्हणून जिभाऊंनी लिहिलंय ते मला फार पटलं.

मला एक सुचतंय. पोरं साडेचारला घरी जातात ही अडचण धरून बसू नका सर, कार्यक्रमच त्यांच्याबरोबर घरी पाठवा. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, असोद्याच्या त्या, जात्यावर, शेतात काम करता करता गाणं म्हणायच्या, मुलगा सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी ते कागदावर उतरवून घेतलं म्हणून आज आपल्याकडे आहे. त्या 1951 ला गेल्या आणि गाणी छापून आली ती त्यांच्या माघारी 1952 ला. लिहून घेणारं कोणी नसतं तर? आणि ज्यांच्या घरात लिहून घेणारं कोणी नव्हतं अशा किती बाया असतील तुमच्या साडेतीनशे पोरांच्या गावांमधे. आता तर प्रत्येकाच्या हातात फोन आहे.

तर 21 ला पोरांना सांगायचं, घरी जाऊन आजी, आत्या, शेजारची म्हातारी कोणीही असेल तिच्याकडून जात्यावरच्या ओव्या, आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी, कानबाईची, भुलाबाईची, जे आठवेल ते रेकॉर्ड करून आणा, 26 पर्यंत वेळ. मी माझ्या सासूबाईंचं केलंय म्हणून थोडं सांगते. पंखा बंद करा, फोन हातात नको, पाट किंवा डब्यावर ठेवा. आधी विचारा, तुमचा आवाज कॉलेजात ऐकवला तर चालेल का, नको म्हणाल्या तर नुसतं लिहून घ्या. नुसत्या गा म्हटलं की त्यांना आठवत नाही, हाताला काम लागतं, मी सासूबाईंना डाळ निवडायला दिली आणि मग एकामागून एक येत गेल्या, चाळीसच्या वर झाल्या, शेवटी त्या रडल्या कारण एक ओवी त्यांच्या गेलेल्या भावाची होती. नाव, गाव, माहेर लिहा. माहेर विसरू नका, गाणं माहेराहून आलेलं असतं.

मग 27 ला मराठी भाषा गौरव दिनाला तेच ऐकवा. कुसुमाग्रजांना हार घाला, जरूर घाला, पण त्यानंतर भाषण नको, ह्या आज्यांचे आवाज. जमलं तर दोन-चार आज्यांनाच बोलवा, सकाळच्या एसटीने नातवंडाबरोबर येतील.

पांझराकाठ

ताई, हे वाचून मी घरी मोठ्याने वाचून दाखवलं, आई म्हणे माझ्यापासून सुरू कर. हे नक्की करतोय.

एक अडतंय. आमच्याकडे धडगाव-अक्कलकुवा बाजूची पन्नासेक पोरं आहेत, भिलोरी, पावरी या आदिवासी बोली बोलणारी. ती अशा दिवशी मागेच बसतात. त्यांना पुढे कसं आणावं, ओढून आणल्यासारखं व्हायला नको.

सातपुड्याची_सिस्टर

सर, मी पावरा आहे, धडगाव तालुक्यातली, आता सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स. आम्ही मागे का बसतो ते सांगते. कॉलेजात पाच वर्षं काढली, दरवर्षी एकच विचारणा व्हायची, तुमचा तो आदिवासी डान्स बसवा ना, ढोल आणा, ड्रेस घाला. होळीचा नाच होळीला असतो, त्याला गाव लागतं, रात्र लागते. स्टेजवर पाच मिनिटं नाचून खाली उतरलं की परत कोणी आमच्याशी बोलायला यायचं नाही. माझी बोली कशी आहे, घरी काय म्हणतात, एकाही सरांनी कधी विचारलं नाही.

त्यापेक्षा असं करा. एक तास त्यांना शिक्षक बनवा. पावरी बोलणारी दोन पोरं फळ्यापाशी, समोर बाकावर प्राध्यापक आणि बाकीचे विद्यार्थी, वीस शब्द आणि पाच वाक्यं शिकवायची, नाव काय, कुठून आलास, जेवलास का, कुठं दुखतं. मग भिलोरीवाले. शेवटी प्राध्यापकांनी ती वाक्यं म्हणून दाखवायची, चुकलं तर पोरांनी दुरुस्त करायचं. मी माझ्या दवाखान्यात असंच केलंय, डॉक्टर मॅडमना सात-आठ वाक्यं शिकवली, आता बाया त्यांच्याशी सरळ बोलतात, आधी सगळं माझ्यामार्फत चालायचं.

दुसरं, आठवड्यात एक दिवस तपासणीला द्या. रक्तदान शिबिर सगळे ठेवतात पण रक्तदानाला हिमोग्लोबिन 12.5 लागतं आणि आपल्याकडच्या कितीतरी मुली तिथंच परत पाठवल्या जातात, का परत पाठवलं ते नीट सांगत पण नाही कोणी. म्हणून आधी हिमोग्लोबिन तपासा, 12 च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या, त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत हे समजावून सांगा. आणि सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताच्या लाल पेशींचा आजार. सातपुड्याच्या भागात हा आजार आहे हे सगळ्यांना माहीत आहे पण आपण वाहक आहोत का हे वीस वर्षांच्या पोरांना माहीत नसतं. वाहकाला काही त्रास नसतो. पण दोघं वाहक असले आणि लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. लग्नं जुळायच्या वयातच कळायला पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्राला पत्र द्या, सोल्युबिलिटी टेस्ट (सिकलसेलची पहिली रक्ततपासणी) तिथल्या तिथे होते, पॉझिटिव्ह आली की पुढची पक्की तपासणी. 2023 पासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान पण चालू आहे त्यामुळे नाही म्हणणार नाहीत.

हात जोडून एक विनंती, रिपोर्ट बंद पाकिटात त्याच्याच हातात द्या. आमच्या वेळी यादी नोटीस बोर्डावर लावली होती. एका मुलीने नंतर कॉलेज सोडलं.

सावलीवाला_मास्तर

28 तारखेचं मी सांगतो, भौतिकशास्त्र शिकवतो. रामन परिणाम, म्हणजे सी. व्ही. रामन यांचा प्रकाशाच्या विखुरण्याबद्दलचा शोध, 28 फेब्रुवारी 1928 ला जाहीर झाला, विज्ञान दिन 1987 पासून पाळतात, हे एवढं बोलून भाषण संपवा आणि पोरांना उन्हात न्या.

एक मीटरची सरळ काठी, ओळंब्याने उभी, सपाट जागा, आणि खडू. साडेबारापासून दर दोन मिनिटांनी सावलीचं टोक मार्क करायचं. पोरांना वाटतं सगळ्यात छोटी सावली बरोबर बाराला पडते. आपल्याकडे त्या दिवशी ती पावणेएकच्या आसपास पडते कारण भारताचं घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखांशाचं आहे आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, शिवाय फेब्रुवारीत सूर्य स्वतः घड्याळाच्या बारा-तेरा मिनिटं मागे असतो. हे पुस्तकात वाचून कळत नाही, खडूच्या खुणा बघितल्या की कळतं.

धुळ्याच्या अक्षांशावर सावली साधारण 55 सेंटीमीटर भरेल. आता पुण्यात कोणी त्याच दिवशी तीच काठी धरली तर तिथे भरेल 50. पाच सेंटीमीटरचा फरक. काठी आणि सावलीच्या लांबीवरून दोन्हीकडचे सूर्यकिरणांचे कोन काढायचे, फरक येतो सुमारे 2.4 अंश, आणि दोन्ही ठिकाणांमधलं दक्षिणोत्तर अंतर साधारण 265 किलोमीटर. 360 ला 2.4 ने भागा, 265 ने गुणा, पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटरच्या जवळ येतो. एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने दोन हजार वर्षांपूर्वी हेच केलं होतं. काठी थोडी वाकडी झाली तरी उत्तर हजारोंनी चुकतं, म्हणून दहा काठ्या लावा आणि सरासरी घ्या. आर्टसच्या पोरांना पण घ्या बरं का, मोजपट्टी त्यांच्याच हातात द्या.

जिभाऊ_एनएसएस

मास्तर, हे मी करून बघणार आमच्या गल्लीत.

23 चं राहिलं. गाडगेबाबांच्या नावाने सकाळी झाडू सगळेच मारतात, फोटोपुरता. तुम्ही साफसफाईला एसटी स्टँड घ्या, रोज तुमची पोरं जिथे तासतास उभी राहतात ती जागा, आगारात आधी विचारून. आणि परत आल्यावर भरीत. वाळल्या काट्याकाड्यांवर वांगी भाजायची, सोबत हिरव्या मिरच्या, मग कांद्याची पात, लसूण, शेंगदाणे घालून लाकडी मुसळीने ठेचायचं, मिक्सर नको. शंभर माणसाला तीस किलो वांगी आम्हाला पुरायची. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरी मात्र प्रत्येकाने घरून दोन आणायच्या, तीनशे भाकरी एका ठिकाणी थापणं होत नाही. सिस्टरने सांगितलेली तपासणी पण त्याच दिवशी घेतली तर मुलींना कोणी उपाशीपोटी उभं करणार नाही.

हॉस्टेल_खोली_नऊ

मी विद्यार्थी आहे, वेगळ्या कॅम्पसवर. सगळं दुपारी ठेवताय ते बरोबर आहे पण आम्ही हॉस्टेलवाले संध्याकाळी नुसते बसून असतो, आमच्यासाठी पण एखादा दिवस ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी आम्ही म्हणू आमचा विचार केला नाही. मोठं काही नको, गच्चीवर गाणी म्हणत बसलो तरी चालेल.

पांझराकाठ

सगळ्यांचे खूप आभार, दोन दिवस हेच वाचतोय. आज बैठक झाली. मांडव रद्द झाला, त्यावर एक तास वाद झाला पण झाला. 21 ला लिंबाखाली अहिराणी, आणि सिस्टरने सांगितलेला पावरी-भिलोरीचा तास, आमच्या विभागप्रमुख मॅडम स्वतः पहिल्या बाकावर बसणार म्हणाल्यात. 23 ला स्टँड, भरीत आणि तपासणी, रिपोर्ट बंद पाकिटात, हे मी लेखी घेतलंय. 25 ला संध्याकाळ हॉस्टेलची, गच्चीवर. 27 ला आज्या, तीन जणी यायला तयार आहेत, त्यांच्या येण्या-जाण्याचं भाडं आणि साडी मांडवाच्या पैशातून.

आणि 26 ला नाच-गाणी, दुपारी बारा ते तीन. पहिला नंबर त्या मुलीचा. आज तिला वर्गाबाहेर बोलावून सांगितलं, तर तिने आधी विचारलं की सर, साडेचारच्या आत होईल ना.

28 साठी पुण्याकडचं कोणी काठी धरायला तयार असेल तर इथेच लिहा. आम्ही साडेबारापासून पटांगणावर दहा काठ्या घेऊन उभे आहोत.