गोव्यातील करमळीच्या तळ्यावरील बदकांचे थवे दिवसा उठवले जातात. नोंद कशी ठेवावी?

प्रश्न – बांधावरचा
गेली तीन वर्षे हिवाळ्यात मी आठवड्यातून एकदा दुर्बीण घेऊन करमळीच्या तळ्यावर जातो. मागच्या रविवारी एका छायाचित्रकाराने उडता थवा टिपता यावा म्हणून पाण्यात दगड भिरकावला. शीळ घालत शेकडो अडया (एका जातीची बदके) उठल्या आणि दोन घिरट्या घेऊन पार पलीकडच्या गवताआड उतरल्या. त्याला हटकले, तर म्हणाला, "नुसत्या बसल्या होत्या, खात थोड्याच होत्या?" मला चटकन उत्तर सुचले नाही. अशा प्रसंगांची उपयोगी पडेल अशी नोंद कशी ठेवावी, आणि कायद्याचा काही आधार आहे का?

उत्तर – पाणकाठ
त्याला सांगायचे उत्तर सोपे आहे: अडई मुख्यतः रात्री चरते. संध्याकाळी थवे भातशेतीकडे निघतात आणि दिवस विश्रांतीत जातो. त्यामुळे तिला दिवसा उठवणे म्हणजे रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दर तासाला जागे करणे होय. तलवार बदकाची गोष्ट थोडी निराळी आहे. उत्तरेकडून येणारे हे पाहुणे शेपटी वर करून, मान बुडवून तळाचे खाद्य शोधतात, म्हणजे मान पोहोचेल इतक्या उथळ पाण्यातच त्यांचे पोट भरते. म्हणून थवा कमी दिसला की लगेच माणसांना दोष देऊ नये, आधी पाण्याची पातळी पाहावी.

मोजताना दहा पक्षी नीट मोजून त्यांनी व्यापलेली जागा नजरेत ठरवावी, मग त्या मापाने उरलेला थवा मोजावा, आणि बांधाच्या दुसऱ्या टोकावरून पुन्हा मोजावे. वहीत वेळ, थवा कशामुळे उठला, अंदाजे किती उठले आणि किती मिनिटांनी स्थिरावले, एवढे लिहावे. काहीच घडले नाही तो दिवसही लिहावा. बहुतेक जण नेमका तोच गाळतात, आणि मग तुलना करायला काही उरत नाही.

उत्तर – चोडणची फेरी
कायद्याबाबत फार आशा ठेवू नका. चोडणचे सालिम अली पक्षी अभयारण्य 1988 पासून संरक्षित असल्याने तेथे वनखात्याचे नियम लागू होतात. अभयारण्याबाहेरही 1972 चा वन्यजीव कायदा आहेच, परंतु त्यातील शिकारीच्या व्याख्येत मारणे, पकडणे, जखमी करणे, अंडी-घरटी बिघडवणे येते. केवळ फोटोसाठी थवा उठवणे तिच्यात बसवणे कठीण आहे. पाणथळ जागांच्या 2017 च्या नियमांत तर खास सिंचनासाठी बांधलेली जलाशये व्याख्येतूनच वगळली आहेत, आणि गोव्यातील बरीच तळी शेतीसाठीच राखली गेली, ही खरी मेख आहे. तरीही कुडचड्याचे नंदा तळे 2022 मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झाले, आणि त्याच्या पाण्यावर खालची भातशेती चालते. शेतीचे तळे पक्ष्यांचे असू शकत नाही, असे म्हणणाऱ्यांना हे उदाहरण जरूर द्या.

उत्तर – वायंगणकार
आमच्याकडे वायंगणासाठी (पावसाळ्यानंतरच्या भातपिकासाठी) मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दारातून, पाणी केव्हा सोडायचे हे शेतकरी ठरवतात, आणि पक्षी पाहणारे त्यांना कधीच भेटत नाहीत, अशी माझी जुनी तक्रार आहे. पाणी टप्प्याटप्प्याने उतरले की उथळ पट्टा हळूहळू सरकत राहतो व बदकांना अधिक दिवस पुरतो. एकदम सोडले तर चिखलच उरतो. कचेरीत अर्ज देण्याआधी मानशीवरच्या माणसाशी बोला. पातळी मोजायला काठावरचा एखादा न हलणारा दगड धरा.

प्रश्नकर्ता – बांधावरचा
सर्वांचे आभार. मानशीजवळचा एक चौकोनी दगड धरला आहे. आज पाणी त्याच्या वरच्या कडेखाली चार बोटे होते. सव्वासात ते साडेनऊ बसलो. एकदाच थवा उठला, तोही आकाशात घिरट्या घालणाऱ्या एका शिकारी पक्ष्यामुळे, आणि सहा मिनिटांत परत त्याच जागी बसला.